गड्ड्यावर पडलेला नांगर

अर्धं बेट मागे पडलं होतं आणि अर्धं अजून पुढे होतं. वहिनी पुढे ताडताड चालली होती, धाकटी दहा पावलं मागे. पायांखाली वाळू नव्हती, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे होते, हाडांसारखे पांढरे, आणि रबरी चपलांखाली ते फुटक्या बशांसारखे वाजत होते. वहिनीच्या खांद्यावर जाळीची पिशवी, तिच्यात दोन मास्क, श्वासाच्या दोन नळ्या, पायांत घालायच्या फ्लिपरच्या दोन जोड्या. पाऊल पडलं की सगळं एकमेकांवर आपटायचं. धाकटीचे ओले कपडे अंगावरच वाळून मिठानं कडक झाले होते आणि काखेत घासत होते.

"वहिनी, जरा बसूया का?"

"तू बस. मी बसले तर उठून परत जाईन आणि त्याचा गळा धरीन."

धाकटी बसली नाही. भावजय रागानं निघाली की तिच्या मागे जायचं, ही तिची अठ्ठावीस वर्षांची सवय. आधी स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत जायची, मग रस्त्याच्या टोकापर्यंत, आणि आज बेटाला वळसा घालून.

बोटीनं ही वाट वीस मिनिटांची होती. पण तासाभरापूर्वी वहिनीनं पाण्यातूनच बोटवाल्याला सांगितलं होतं, "तुझ्या बोटीत मी पाय ठेवणार नाही," आणि काठावरची चपला-मास्कची पिशवी ओढून घेऊन किनाऱ्याकडे पोहत सुटली होती. धाकटीला परवापर्यंत गुडघ्याच्या वरचं पाणी ठाऊक नव्हतं. तीही फुगीर जॅकेटात हात मारत, नाकातोंडात पाणी घेत, मागोमाग निघाली. बोटीतल्या सात पाहुण्यांना वाटलं, हाही सहलीचा भाग असावा. एकानं टाळ्यासुद्धा वाजवल्या.

वहिनी म्हणजे धाकटीच्या दादाची बायको. दादा या बेटावरच्या हॉटेलात जनरेटर सांभाळतो. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिनं समुद्र पाहिलाच नव्हता. माहेरी विहीर होती, तिच्यात भावांच्या बरोबरीनं उड्या मारून ती पोहायला शिकली होती, तेवढीच पुंजी. सासरी चार वर्षं काढून दोघं बेटावर आली, आणि इथली पहिली चार वर्षं तिनं हॉटेलच्या धुलाईघरात चादरी पिळल्या. मग एक दिवस एका म्हाताऱ्या पाहुण्याची कवळी खोकताना पाण्यात पडली. बोटवाले शोधून थकले. म्हातारा तोंडावर रुमाल धरून किनाऱ्यावर बसला, जेवायची पंचाईत. वहिनीनं हातातली चादर ठेवली, कोणाचा तरी मास्क मागून घेतला आणि पाण्यात डोकं घातलं. कवळी दहा मिनिटांत सापडली. ती वर आली मात्र तासाभरानं. "कवळी हातातच होती माझ्या," ती सांगते. "पण मागे वळवेना. खाली इतकं काही चाललं होतं, आणि आम्ही इथे चार वर्षं चादरी पिळतोय."

धुलाईघर सुटलं. गेली वीस वर्षं वहिनी पाहुण्यांना मास्क लावून प्रवाळ दाखवते. वनखात्यानं दिलेला परवाना तिच्या गळ्यात असतो, आणि बोटवाले तिला मास्तरीण म्हणतात, कारण ती कोणालाही सरळ खोल पाण्यात सोडत नाही. आधी गुडघाभर पाण्यात ओळीनं उभं करते. मास्कच्या काचेवर आतून थुंकायला लावते, म्हणजे काच धुरकट होत नाही. मोठमोठी माणसं संकोचतात, वहिनी म्हणते, "स्वतःचंच आहे, शेजाऱ्याचं नाही." आणि शेवटची गोष्ट, हात मागे. दोन्ही हात पाठीमागे एकात एक अडकवायचे आणि नुसत्या पायांनी पोहायचं. हात मोकळा असला की माणूस शिवतो. शिवलं की प्रवाळावरची पातळ कातडी मरते. "शाळेत फळ्याजवळ उभे राहायचात ना, तसं," ती सांगते. बँकेचे साहेब, डॉक्टर, नवीन लग्न झालेली जोडपी, सगळे हात मागे बांधून पाण्यावर पालथे तरंगत असतात, आणि वहिनी शिट्टी तोंडात धरून त्यांच्याभोवती फिरत असते.

काल धाकटीही तशीच तरंगली होती.

ती प्राथमिक शाळेत बाई आहे. चार दिवसांची सुट्टी काढून आली होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पाण्यात डोकं घालताना भीतीनं तिनं देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. नळीतून स्वतःचाच श्वास कानाशी घोरत होता. मग तळ दिसला. पिवळे चपटे मासे शाळा सुटल्यासारखे एकदम वळत होते. निळा-हिरवा, पोपटाच्या चोचीचा एक मासा दगड कुरतडत होता आणि ते कुरतडणं चक्क ऐकू येत होतं, कढईत मोहरी तडतडावी तसं. वहिनीनं आधीच सांगून ठेवलं होतं, की हा मासा प्रवाळ खातो आणि मागून वाळू सोडतो. "हॉटेलच्या जाहिरातीतला तो पांढराशुभ्र किनारा, ज्याच्यावर लोक फोटो काढून घेतात, ती याची शी आहे."

आणि मग गड्डा, एकच अखंड प्रवाळ. कोबीच्या गड्ड्यासारखा गोल, म्हणून वहिनीनं ठेवलेलं नाव. पण कोबी खोलीएवढा. पिवळट तपकिरी, अंगभर सुईच्या टोकाएवढी भोकं, आणि प्रत्येक भोकात एक जीव. वर्षाला बोटाच्या नखाएवढा वाढतो, वहिनी म्हणाली होती, तर हा कधीपासूनचा असेल ते तूच काढ, गणित तुझं चांगलं. धाकटीनं त्याच्यावरून हात मागे धरून दोन फेऱ्या मारल्या. देवाचं नाव केव्हा थांबलं, तिला कळलंच नाही. सकाळी पूजेला बसल्यावर तिनं देवाला तसं सांगितलं, नाव विसरले, पण दुसरीकडे कुठे बघत नव्हते.

आज पुन्हा त्याच जागी निघाले होते. रोजचा बोटवाला कंबर धरली म्हणून पलीकडच्या गावी दवाखान्यात होता. त्याच्या जागी चार दिवसांपूर्वी नवा आला होता. वहिनी बोटीच्या मागच्या बाजूला धाकटीजवळ बसली होती. धाकटीच्या मास्कमध्ये केस अडकून पाणी शिरत होतं, वहिनी तिचा पट्टा सारखा करत होती आणि पाहुण्यांना कवळीची गोष्ट सांगत होती. म्हातारा रुमाल धरून बसतो तिथे सगळे खदखदून हसले. त्या हसण्यातच साखळी घरंगळल्याचा आवाज आला. नवीन बोटवाल्यानं नांगर टाकला होता.

वाऱ्यानं बोट ओढली, बोटीनं नांगर ओढला. खालून असा आवाज आला की तो कानांनी ऐकला असं म्हणता येणार नाही, तळव्यांतून वर आला. वहिनी मास्क न लावताच उडी मारून गेली. धाकटीनं मागून जॅकेटात उतरून डोकं खाली घातलं, तेव्हा गड्ड्याची एक बाजू, दाराच्या फळीएवढी, सुटून वाळूवर पडली होती. आतला भाग पांढराफेक होता. चार फाळांचा नांगर मधोमध अडकला होता आणि रंगीत माश्यांची झुंबड त्या पांढऱ्यावर तुटून पडली होती. धाकटीला वाटलं, किती मासे आलेत. वर आल्यावर वहिनी म्हणाली, "जखम खातायत ते."

त्यानंतर वहिनी बोटवाल्याला जे बोलली ते धाकटी शाळेत शिकवत असल्यामुळे इथे लिहिता येणार नाही. आंधळा, हा त्यातला सगळ्यांत सौम्य शब्द.

तर आता दोघी चालत होत्या. धाकटीच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत मोबाइल होता, तो वाजला. दादाचं नाव पाहून ती चार पावलं मागे थांबली.

"कुठे आहात तुम्ही? मालक दोनदा येऊन गेले," दादा म्हणाला. "तिला दे फोन. नाही, नको, तिला देऊ नकोस. तूच ऐक."

"बोल."

"उद्या दहा वाजता खात्याचे साहेब ठरलेल्या पाहणीला येतायत. मालकांनी कागद तयार केलाय. गड्डा मागच्या महिन्याच्या वादळात फुटला. हिनं वादळानंतर पाहिला, तेव्हाच फुटलेला होता. एवढ्यावर हिची सही हवी. परवानावाली आहे, तिच्या सहीला वजन आहे. विषय संपला."

"दादा, पण काल तर..."

"काल काय?"

"काही नाही."

"समजाव तिला. तुझं ऐकते."

"माझं चौथीतली पोरं ऐकत नाहीत."

"थट्टा करू नकोस, धाकटे. खोली हॉटेलची आहे. पगार हॉटेलचा आहे. दोघांचं या वयात कुठे जमायचं? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

फोन बंद झाला. वहिनी पुढे पाठमोरी उभी होती. तिला न विचारताच कळलं होतं.

"काय म्हणतो तुझा भाऊ?"

"तुझा नवरा," धाकटी म्हणाली.

"असलं काही करायला लावतो तेव्हा तो तुझा भाऊ असतो. बोल."

धाकटीनं सांगितलं. सांगताना तिनं शक्य तेवढं मऊ केलं, वादळ हा शब्द दोनदा गिळला, आणि शेवटी, सवयीनं, वर्गात दोघांचं भांडण मिटवताना म्हणते तसं म्हणाली, "आता जे तुटलं ते काही सांधता येत नाही, वहिनी. एका सहीनं जर घर राहत असेल तर..."

वहिनीनं पिशवी खाली टाकली. फ्लिपर त्या पांढऱ्या तुकड्यांवर आपटले.

"तू पण. अगं, तू पण." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि धाकटीला तेच जास्त लागलं. "वादळ म्हणजे काय होतं माहीत आहे का तुला? साहेब वहीत लिहितील, नैसर्गिक. मग मालक म्हणतील, आता तुटलेलंच आहे, तर बोट थेट वर न्यायला काय हरकत? गेली तीन वर्षं त्यांचा हाच धोशा आहे. पाहुण्यांना पन्नास हात पोहावं लागतं, म्हाताऱ्या माणसांना दम लागतो, बोट वरच उभी करू. मी अडवून धरलं. उद्या माझ्याच सहीनं दार उघडून देऊ? रोज चार बोटी येतात. चार नांगर रोज. पुढच्या वर्षी तू आलीस की तुला दाखवायला राहील काय? जाहिरातीतली ती शी."

"मग खरं सांग उद्या. नांगर पडला, आणि फुटला. आपण पाहिलंय दोघींनी."

यावर वहिनी काहीतरी ताडकन बोलेल म्हणून धाकटी वाट पाहत राहिली. वहिनी बोलली नाही. तिनं पिशवी उचलली आणि चालायला लागली, आधीपेक्षा भरभर. तळपायाची आग मस्तकाला गेलेलं माणूस असं गप्प होत नाही. धाकटीला ते विचित्र वाटलं. पन्नास मुलांच्या वर्गात वावरून तिला एक गोष्ट पक्की कळते: जो पोरगा सगळ्यांत मोठ्यानं दुसऱ्याचं नाव घेत असतो आणि मधेच गप्प होतो, त्याच्या दप्तरात काहीतरी असतं.

ती मनातल्या मनात सकाळचं सगळं पुन्हा पाहू लागली. बोट, पट्टा, कवळी, हसणं, साखळी. आणि साखळीच्या आधी, पाण्यावर, बोटीच्या नाकासमोर काहीतरी पांढरं.

"वहिनी," तिनं मागून विचारलं, "तो पांढरा कॅन कसला होता गं? तरंगत होता तो. कालही होता."

वहिनी थांबली. समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

"तेलाचा," ती म्हणाली. "जनरेटरच्या तेलाचा रिकामा कॅन. तुझ्या भावाच्या शेडमधून उचलला मी. वादळानंतर पाणी गढूळ होतं, वरून गड्डा दिसत नव्हता, म्हणून दोरीनं बांधून ठेवला तिथे. शेजारच्या मेलेल्या प्रवाळाच्या दगडाला. इथे गड्डा आहे, इथे येऊ नका, असं."

"खात्यानं सांगितलं होतं बांधायला?"

"खात्याला तीन अर्ज दिले होते मी, इथे खूण बसवा म्हणून. तिन्ही वेळा उत्तर नाही. आणि परवानगीशिवाय पाण्यात काही बांधायचं नाही, बांधलं की परवाना रद्द. मला पाठ आहे तो नियम, मीच तो नव्या लोकांना म्हणून दाखवते." ती हसल्यासारखं काहीतरी हसली. "जुन्या बोटवाल्याला सांगितलं होतं. त्याला माहीत होतं, पांढरा कॅन म्हणजे लांब राहा. नव्याला कोणी सांगायचं? मी सांगायचं. रोज मी बोटीच्या नाकावर बसते आणि हात वर करून थांबवते. आज बसले नाही. आज माझी नणंद आली होती."

धाकटीचा हात आपोआप केसांकडे गेला.

"आणि त्याचं तरी काय चुकलं, सांग ना," वहिनी म्हणाली. आता ती पुन्हा चिडत होती, पण शब्द दुसऱ्या दिशेनं फेकत होती. "सगळ्या दुनियेत पाण्यावर काही बांधलेलं दिसलं की बोटवाल्याला एकच कळतं, इथे थांबायचं. माझा बाप बोटवाला असता तर त्यानंही तिथेच नांगर टाकला असता. वीस वर्षं मी बोटीत बसते, धाकटे, आणि मला हे सुचलं नाही. गड्ड्यावर पाटी लावली मी, या म्हणून. आणि वर त्या माणसाला सात पाहुण्यांसमोर आंधळा म्हणाले. त्याच्या डोळ्यांनी बरोबर पाहिलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय."

ती चालायला लागली. धाकटी या वेळी मागे नाही, बाजूने चालली.

आता गोष्ट सरळ होती आणि म्हणूनच वाईट होती. वहिनीनं उद्या नांगराचं नाव घेतलं, तर बोटवाला कॅनचं नाव घेणार. कॅन कोणाचा हे शेडमधले सगळे सांगू शकत होते. परवाना गेला की वीस वर्षं गेली, आणि मालकाला नाराज केलं म्हणून खोलीही गेली. आणि वादळाच्या कागदावर सही केली, तर परवाना राहील, खोली राहील, जे दाखवायचं तेच राहणार नाही. मालकाला बहुधा कॅनचं ठाऊक असावं, धाकटीला वाटलं. म्हणूनच तो इतका निर्धास्त. दादालाही ठाऊक असेल का? त्याच्याच शेडमधला कॅन. फोनवर एक शब्द बोलला नाही. बायकोची मान कुठे अडकली आहे हे माहीत असून समजूत घालायला बहिणीला पुढे करतो, आणि वर म्हणी ऐकवतो. लहानपणापासून धाकटी दादाच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. तिला वाटलं, आत्ता फोन करावा आणि सांगावं, पाण्यात राहून माशांशी वैर कोण करतंय ते.

तिनं फोन केला नाही. ती म्हणाली, "वहिनी, मी सांगते उद्या."

"काय सांगतेस?"

"मी काल पाहिला, अख्खा होता. आज पाहिला, फुटलेला होता. वादळ झालं महिन्यापूर्वी. मी पाहुणी आहे, मला ना परवाना, ना खोली. माझं कोण काय काढून घेणार? तसं लिहून देते, तारीख-वेळ घालून. साहेबांना लिहिलेलं खोडता येत नाही."

वहिनीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा नीट पाहिलं.

"आणि कॅन?"

"कॅनचं मला कुठे काय माहीत? मी पाण्यात डोकं घालून होते."

"आत्ता सांगितलं ना तुला."

"ते आपल्या दोघींत. विचारलं तर बघू. विचारलं नाही तर आपण होऊन कशाला?"

"बघ," वहिनी म्हणाली. "शेवटी दादाचीच बहीण."

धाकटीला ते झोंबलं. "मी तुझ्यासाठी म्हणतेय."

"तोही माझ्यासाठीच म्हणतोय. मालकसुद्धा माझ्यासाठीच म्हणतील, उद्या चहा देताना. सगळे माझ्यासाठी एकेक गोष्ट गाळतायत. तो नांगर गाळतो, तू कॅन गाळतेस. आणि तो नवा माणूस? पहिल्याच आठवड्यात कामावरून जाईल, गड्डा फोडणारा म्हणून. त्याच्यासाठी कोण काय गाळतंय?"

पुढे हॉटेलचा धक्का दिसायला लागला होता. धुलाईघरामागे चादरींच्या रांगा वाऱ्यावर फडफडत होत्या आणि सकाळची ती बोट धक्क्याला बांधलेली होती. नवा बोटवाला तिच्यात उकिडवा बसून नांगराच्या फाळांत अडकलेले पांढरे तुकडे एकेक करून काढत होता आणि पाण्यात न टाकता शेजारी फडक्यावर ठेवत होता. काढून त्यांचं काय करायचं हे त्याला कळत नसावं. वहिनीनं ते पाहिलं आणि ती उभी राहिली.

"तुझं अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली, डोळे बोटीवरच ठेवून. "आणि माझ्या हातून रागात काहीतरी भलतंच लिहून जाईल. म्हणून तू लिही. आज संध्याकाळीच, माझ्यासमोर बसून. आधी लिही, कॅन मी बांधला, परवानगी नव्हती. मग लिही, नव्या माणसाला सांगायचं होतं, मी सांगितलं नाही, मी गोष्ट सांगत बसले होते. मग नांगर. मग तू काल काय पाहिलंस ते. या क्रमानं लिही, धाकटे, आणि मला सांभाळून घेणारा एकही शब्द मधे घालू नकोस. घातलास तर मी खाली सही करणार नाही."